विहीर सामाईक, पोहरा ज्याचा त्याचा

बऱ्हाणपूर हा जुलै २०२२ मध्ये देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला, तेव्हा तेथील २५४ गावांतील १,०१,९०५ घरांपर्यंत नळ पोहोचल्याची नोंद होती. एवढ्या घरांची यादी, म्हणजे घर, गाव, जोडणीची तारीख आणि पाणीपट्टी अशा रकान्यांचा लाखभर ओळींचा तक्ता, कार्यालयातील संगणकावर ठेवावयाचा झाल्यास डेटाबेस लागतो. आणि तो मंदावला की अधिक प्रोसेसर व अधिक मेमरी असलेला सर्व्हर घ्यावा, असा सल्ला हमखास दिला जातो. हा सल्ला कधी योग्य आणि कधी निष्फळ ठरतो, हे काम प्रत्यक्षात कोणत्या यंत्रावर चालते यावर अवलंबून असते.

डेस्कटॉप डेटाबेस म्हणजे टेबलावरच्या संगणकासाठी घडवलेली प्रणाली. १९९२ मध्ये बाजारात आलेले मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हे तिचे परिचित उदाहरण. तिच्यात सारे तक्ते एकाच फाइलमध्ये राहतात, ती फाइल सर्व्हरवरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि प्रत्येक कर्मचारी आपल्या संगणकावरून ती उघडतो. फाइल सर्व्हरवर आहे म्हणजे शोधही सर्व्हरच घेतो, हा समज मात्र चुकीचा आहे. सर्व्हर मागितलेला भाग काढून देतो, आणि निवड, क्रमवारी व बेरीज ही कामे कर्मचाऱ्याच्याच संगणकाचा प्रोसेसर त्याच संगणकाच्या मेमरीत करतो. गावच्या विहिरीवर प्रत्येकाने आपला पोहरा सोडून पाणी शेंदावे, तसा हा व्यवहार असून, विहिरीचे कठडे कितीही भक्कम बांधले तरी शेंदणाऱ्याचा हात त्यामुळे वेगाने चालत नाही.

अ‍ॅक्सेस फाइलची वाटणी ४,०९६ बाइटच्या पानांमध्ये करते. एका घराच्या नोंदीला २०० बाइट लागतात असे धरल्यास एका पानावर वीस नोंदी मावतात, आणि बऱ्हाणपूरच्या यादीला पाच हजारांहून अधिक पाने, म्हणजे सुमारे दोन कोटी बाइट लागतात. गावाच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, नसेल तर एका गावाची थकबाकी काढण्यासाठीही ही सगळी पाने केबलमधून कर्मचाऱ्याच्या संगणकापर्यंत यावी लागतात; १०० मेगाबिटच्या जाळ्यात याला दीडएक सेकंद लागतो, आणि दहा जणांनी एकाच वेळी तसे केल्यास पंधरा सेकंदांहून अधिक. इंडेक्स असेल तर एका गावाची सरासरी ४०० घरे फार तर चारशेएक पानांत सापडतात. या साऱ्या खटाटोपात सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामाच असतो.

मेमरीचा उपयोग अगदीच होत नाही असे नाही, कारण नुकतीच वाचलेली पाने सर्व्हर आपल्या मेमरीत धरून ठेवतो आणि पुन्हा मागणी आली की डिस्कला हात न लावता देतो. परंतु अ‍ॅक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा असल्यामुळे ती पुरी मावेल एवढी मेमरी झाली की पुढची भर वाया जाते.

कर्मचारी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून सर्व्हरचाच पडदा आपल्यासमोर उघडून काम करीत असतील, तर चित्र पालटते. तेव्हा प्रत्येकासाठी अ‍ॅक्सेसची एक स्वतंत्र प्रत सर्व्हरवरच चालते, दहा जणांची मेमरी एकत्र लागते आणि प्रोसेसरचे अनेक गाभे, म्हणजे त्यातील स्वतंत्र गणनाघटक, खरोखर उपयोगी पडतात.

तिसरा मार्ग विहिरीवर पंप बसवून घराघरांत नळ नेण्याचा. एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या प्रणालींत प्रश्न सर्व्हरकडे जातो, शोध तेथेच होतो आणि केबलमधून केवळ उत्तर परतते. येथे गाभे आणि मेमरी वाढवल्याचे चीज होते, मात्र परवान्याच्या अटी पाहूनच. एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती यंत्र कितीही मोठे असले तरी चारच गाभे वापरते आणि पाने धरून ठेवण्यासाठी १,४१० एमबीच मेमरी घेते, तर मोफतच मिळणाऱ्या पोस्टग्रेएसक्यूएलला अशी मर्यादा नाही.

म्हणून सर्व्हरच्या खरेदीचा प्रस्ताव मांडण्याआधी, डेटाबेस मंदावलेला असताना त्या सर्व्हरचा प्रोसेसर किती व्यग्र आहे हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. तो रिकामा दिसत असेल तर खर्च इंडेक्सवर, जाळ्यावर किंवा प्रणाली बदलण्यावर करावा. नव्या सर्व्हरवर नव्हे.