दहावा माणूस

सहकारी संस्थेच्या सभेत गणपूर्ती झाली नाही, तर सभा अर्धा तास तहकूब करतात. मग तीच सभा, हजर असतील तेवढ्या सभासदांत, रीतसर भरते. बँकेत असताना अशा कितीतरी सभांची इतिवृत्ते माझ्या हाताखालून गेली. ज्यू लोकांच्या प्रार्थनेलाही गणपूर्ती लागते, पण तिथे ही अर्ध्या तासाची सवलत नाही. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले, तरच सामुदायिक प्रार्थना. या दहांना ‘मिन्यान’ म्हणतात. नऊच आले तर त्यांनी आपापली प्रार्थना करावी. पण चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी पेटीतून काढून वाचता येत नाही आणि गेलेल्या आईबापांसाठी मुलाला ‘कद्दिश’ म्हणता येत नाही.

गोंदिया शहराला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात बसून ज्यूंवर लिहायचे म्हणजे अनेकांना नवल वाटेल. आमच्याकडे सिनेगॉग नाही. पण नोकरीत काही वर्षे रायगड जिल्ह्यात काढली आणि तिथे हा समाज जवळून पाहिला. हे कोणी परके लोक नव्हेत. मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे, वालाचे बिरडे आवडीने खाणारे हे आपलेच बेने इस्रायल.

त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात जोडपी तेवढी वाचली. त्यांचे वंशज कोकणातल्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवले ‘शनिवार तेली’. आडनावे गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, चेऊलकर. चित्रपटांतून घराघरांत पोहोचलेले डेव्हिड हे याच समाजातले चेऊलकर. शतकानुशतके या लोकांकडे ना सिनेगॉग होते ना धर्मग्रंथ. उरले होते ते शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शमा इस्रायल’ ही एक प्रार्थना. सणांची नावेसुद्धा मराठी झाली होती. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. दारे लावून उपास धरायचा तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास तो ‘बिरड्याचा रोजा’.

मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले १७९६ साली. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युअल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. जिवंत सुटलो याची कृतज्ञता म्हणून त्यांनी ते बांधले, असे सांगतात. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. समाजातली माणसे सिनेगॉगला सरळ ‘मशीद’ म्हणत. मस्जिद स्थानकाचे नाव या ‘जुन्या मशिदी’वरूनच पडले, असे मानतात. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे अशी प्रार्थनालये होत गेली. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १८४८चे. ज्या भागात ते आहे त्याला गावकरी आजही इस्रायल आळी म्हणतात.

आत गेले की मधोमध कठड्याचा चौथरा दिसतो, तिथे उभे राहून प्रार्थना म्हणायची. तोराची पेटी जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला. जवळ तेलाचा अखंड दिवा. एक खुर्ची मात्र कोणाच्या बसण्यासाठी नाही. ती एलियाहू हान्नाबी या प्रेषिताची. सुंतेच्या विधीत बाळाला तिच्यावर क्षणभर ठेवतात.

मला कुतूहल होते ते कारभाराचे. जुन्या व्यवस्थेत पुढारी तो मुकादम, त्याच्या मदतीला चौगुले, खजिना सांभाळणारा गबई, प्रार्थना चालवणारा हज्जान आणि दिवाबत्ती पाहणारा शमास. मुकादम आणि चौगुला ही तर आपल्या गावगाड्यातलीच पदे! आणि हज्जान म्हणजे सूर व पाठ पक्के असलेला, समाजातलाच माणूस. तोराची पेटी उघडण्याचा, गुंडाळी उचलण्याचा मान ज्याला मिळतो, तो देणगी बोलतो. शब्बाथला पैशाला हात लावायचा नाही, म्हणून रक्कम तोंडी सांगायची आणि भरायची नंतर. सही नाही, तारण नाही. कर्जवसुलीत उमेद गेलेल्या माणसाने असे व्यवहार जरूर पाहावेत.

धर्मशिक्षण या समाजाने मराठीतून घेतले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हागादा’ मुंबईत १८४६ साली मराठी अर्थासह छापली गेली. १८७४च्या पुण्यातल्या आवृत्तीच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि पुढे समाजात कीर्तनेही रंगू लागली. मोशेचे आख्यान कीर्तनाच्या ढंगात! आणखी कुठे ऐकायला मिळणार?

पण हा समाज खरा भेटतो तो मलिद्याच्या ताटाभोवती. नवस फेडायचा असो, लग्न असो, ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे. एलियाहूचे हिब्रू गीत गायचे आणि प्रसाद वाटायचा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. तिथे जाऊन मलिदा करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. आम्ही धानाच्या मुलखातली माणसे. पोह्यांचा असा मान पाहून बरे वाटले.

१९४८मध्ये इस्रायल राष्ट्र झाले तेव्हा इथे सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. त्यांतले बहुसंख्य पुढच्या दोन-तीन दशकांत तिकडे गेले. कोणी हाकलले म्हणून नव्हे. हजारो वर्षे प्रार्थनेत घेतलेले नाव खरे झाले म्हणून, आणि तरुणांना कामधंद्याची आशा म्हणून. तिथेही सगळे सुखाचे नव्हते. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहसंबंधांबाबत वंशाची चौकशी करण्याचा फतवा काढला.  त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले आणि १९६४मध्ये धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. आज दिमोना, अश्दोद, लोद या गावांत मराठी ऐकू येते. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथे निघाले.

मागे राहिले ते थोडे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. ठाण्यात आणि मुंबईत सणावाराला गर्दी होते. लहान गावांत मात्र रंगरंगोटी केलेले प्रार्थनालय असते, झाडलोट असते, दिव्यात तेल असते. २००८च्या मुंबई हल्ल्यात नरीमन हाउस लक्ष्य झाल्यापासून पहाराही असतो. गाठायची राहते ती दहाची संख्या. रायगडात एका वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला नऊ जण अंगणात उभे होते. यजमान मला म्हणाले, “साहेब, तुम्ही बसा आत. आमचा एक जण मुरूडहून एस.टी.ने निघालाय.” कोणी चिडले नव्हते. ते सगळे, कधी ना कधी, दुसऱ्या कोणाच्या बापासाठी असेच एस.टी.ने गेलेले होते.

देणगीतून इमारतीचे छप्पर बदलता येते, परदेशातली मुले पैसे पाठवतात. दहावा माणूस मात्र मनिऑर्डरने येत नाही. आपल्याकडेही खांदा द्यायला चार जण लागतात, आणि गावोगावची घरे कुलूपबंद होत असताना ते चार जमवताना लोक फोन फिरवू लागले आहेत. दहाव्या माणसाकडे विद्वत्ता मागितलेली नाही, श्रीमंतीही नाही. तो पहिल्याइतकाच मोजला जातो. हातातले काम टाकून त्याने वेळेवर दारात यायचे, एवढेच त्याच्याकडे मागणे आहे.