काळ्या पाषाणाचा धडा

मुंबईजवळच्या समुद्रात तेल आहे, मग धाराशिवच्या पाषाणाखाली का नसावे? १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत घेतलेल्या विंधनविवराने याचे उत्तर दिले आहे. तेथे सुमारे ३४० मीटर बेसाल्टखाली गाळाचा जेमतेम ८ मीटरांचा थर लागला आणि त्याखाली थेट प्राचीन स्फटिकी खडक!

तेल जन्मते ते खोल गाडल्या गेलेल्या गाळात, सेंद्रिय अवशेष उष्णतेने शिजून. पाण्याहून हलके असल्याने ते सच्छिद्र थरांतून वर सरकते आणि अभेद्य शेलखाली अडते. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे तेलही मूळचे तेथले नव्हे. भोवतालच्या खोलगट भागांतील जुन्या शेलमधून ते मायोसीन चुनखडकात आले, हे तेलातील रेणूंच्या खुणा सांगतात. तेथेही काही भागांत तळाशी बेसाल्टच आहे; मात्र त्यावर कोट्यवधी वर्षे गाळ साचत गेला.

धाराशिवचे भूगर्भधन एकच: झिजल्या कातळात व भेगांत मुरलेले पावसाचे पाणी. ते तेलासारखे दुरून, खोलातून चालून येईल या आशेने बोअर अधिकाधिक खोल नेणे, म्हणजे पुढच्या पिढीची शिल्लक उपसणे होय. पाणी मुरवणे, हाच येथला खरा खनिजशोध!