पोराच्या खांद्यावर कुणाचं स्वप्न?

आज जरा लांबची गोष्ट, अमेरिकेतल्या शिकागो शहराची. १९९४ साली आलेल्या 'हूप ड्रीम्स' या माहितीपटात ती आहे. खरी घडलेली.

विल्यम आणि आर्थर, चौदा वर्षांची दोन गरीब घरची पोरं. बास्केटबॉल, म्हणजे दहा फूट उंचीवरच्या कड्यात चेंडू टाकायचा खेळ, दोघं छान खेळत. म्हणून दूरच्या मोठ्या शाळेनं त्यांना घेतलं. जाण्यायेण्यातच कितीतरी तास जायचे. पुढे फी वाढली. विल्यमची फी भरणारं कुणी भेटलं. आर्थरच्या घरची थकली, त्याला वर्षाच्या मध्येच शाळा सोडावी लागली. बरोबर आलेली पोरं अशी पांगली, भांडण नाही की काही नाही.

विल्यमचा थोरला भाऊ स्वतः चांगला खेळाडू, पण त्याचं पुढे जमलं नाही. ती सगळी आस त्यानं धाकट्यावर लावली. विल्यमच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी नजरा खेळावरच. लोक म्हणायचे, मोठा झालास की आम्हाला विसरू नकोस. त्याच्या मनात यायचं, मी मोठा नाही झालो तर तुम्ही मला विसराल का? किती लहान वय हो हे!

दोघं कॉलेजात खेळले. एनबीए या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत मात्र एकही पोचला नाही.

आर्थरच्या आईचं, शीलाचं, सांगायचं राहिलं. नवरा मध्यंतरी घर सोडून गेलेला, घरची वीज तोडलेली. त्याच काळात तिनं नर्सच्या मदतनिसाचा कोर्स केला. वर्गात पहिली आली.