नाण्याचा काठ: एकीकडे रुंद, एकीकडे धागाभर

साडीला काठ असतो तसा नाण्यालाही असतो. दोन्ही बाजूंवर, अगदी टोकाशी गोल फिरलेला उंच पट्टा तो काठ. आणि नाणं उभं धरल्यावर जी दिसते, जिच्यावर बहुधा उभ्या खाचा असतात, ती कड. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की घोटाळा सुरू होतो. एकीकडे काठ रुंद आणि समोर जेमतेम धागाभर असला, की नाणं ‘टांकसाळीची चूक’ ठरवून चढ्या भावाने पुढे केलं जातं. असा काठ टांकसाळीत होतो हे खरं, पण तो कानशीखालीही होतो. दोहोंतला फरक नक्की ओळखता येतो. मात्र एकट्या काठाच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया घ्या: वजन 11.66 ग्रॅम, चांदी बारा भागांत अकरा. यंत्रावरच्या टांकसाळीत आधी चकती कापतात, तिची कड दाबून काठ उचलतात आणि मग कॉलर नावाच्या पोलादी कड्यात ठेवून वरखालच्या दोन ठशांमध्ये दाबतात. नाण्याचा व्यास आणि कडेवरच्या खाचा ठरतात त्या या कॉलरमुळे. आता एक ठसा बाजूला सरकून बसला, तर त्या बाजूची सगळी आकृती सरकते आणि काठ एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद होतो. पण व्यास कॉलरने बांधलेला आहे. म्हणून इथे कमी झालेली रुंदी बरोबर समोर वाढलेली दिसते. समोरासमोरच्या दोन रुंदींची बेरीज बदलत नाही. शिवाय दुसरा ठसा जागेवर असेल, तर नाण्याच्या मागच्या बाजूचा काठ सारखाच राहतो. चकतीच कॉलरबाहेर राहून ठसा बसला असेल, तर आकृती दोन्ही बाजूंना सरकते, पण मग नाणं नीट गोल राहत नाही आणि खाचाही पूर्ण उमटत नाहीत.

कानशीचा हिशेब वेगळा. चांदीचे रुपये कडी डाखून गळ्यात घातले जात, आणि पुढे ती कडी काढून ती जागा घासली जाई. घासलेली धातू समोर जाऊन जमा होत नाही, ती गेलीच. त्यामुळे काठ एकीकडे बारीक होतो, पण समोर रुंद होत नाही. बारीक झालेली जागा चिमटीत धरून नाणं उलटावं; त्याच जागी मागचा काठही खाल्लेला दिसतो. व्हर्नियर कॅलिपरने व्यास चार दिशांनी मोजला की एका दिशेला तो कमी भरतो. भिंगाखाली खाचा बुजलेल्या आणि त्यांच्यावरून आडवे ओरखडे गेलेले दिसतात; कधी डाखाचा निराळ्या रंगाचा ठिपकाही राहिलेला असतो.

यावर एक आक्षेप येतो: जुनी यंत्रं, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. बरोबर आहे. पण हा युक्तिवाद विक्रेत्याच्या विरुद्ध जातो, कारण जे नेहमी होतं ते दुर्मीळ कसं? केसभर सरकलेल्या ठशाला जादा पैसे देण्याचं कारण नाही. दुसरा आक्षेप झिजेचा. हातोहात फिरलेल्या नाण्याचा काठ झिजतो, हे मान्य. पण ती झीज चेहऱ्याच्या उंच भागांवरही दिसते. चेहरा ताजा आणि काठ मात्र एकाच जागी गायब, हे वापराने होत नाही. वजन कमी भरलं म्हणजे कानसच, असंही म्हणता येत नाही, कारण झिजलेलं नाणंही हलकं होतं. वजन वाचायचं ते आकृतीच्या झिजेबरोबर. चकतीच एका अंगाला पातळ असली, तर तिथे दोन्ही बाजूंची अक्षरं फिकी उठतात, पण व्यास पूर्ण भरतो. आणि ही सगळी कसोटी कॉलरमध्ये पाडलेल्या नाण्यांपुरतीच आहे. मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईला ती लावू नये: ती हातोड्याने पाडलेली, तिचा ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे ‘छत्रपति’तलं एखादं अक्षर बाहेर राहणं हा तिथे दोष नव्हे.

तेव्हा असमान काठाचा रुपया कोणी जादा किमतीला देऊ केला, तर एका बाजूच्या फोटोवर सौदा करू नका. दोन्ही बाजू, पूर्ण कड, चार दिशांचे व्यास आणि वजन मागून घ्या.