भुईनळा घरी भरायचाय? आधी हे गैरसमज काढून टाका

हौशी दारूकाम करू पाहणाऱ्यांची तक्रार सगळीकडे सारखीच असते, मग तो पनवेल-रोहा मार्गावरच्या जिते गावचा असो की दादरचा. रसायनवाला दहा चौकश्या करतो, कुरिअरवाला पार्सल घेत नाही, ऑनलाइन काही मिळत नाही. 'माल कुठे मिळेल?' हाच त्याचा प्रश्न. पण गाडी अडते ती मालाच्या आधीच. आपल्या कायद्यात हौशी दारूकाम करणारा असा वेगळा माणूसच नाही. शोभेची दारू बनवायची तर परवाना हवा. तो नसेल तर जे घडतं त्याला कायदा गुन्हाच म्हणतो.

'मी विकणार थोडाच आहे? घरच्यापुरते चार नळे भरतो' हा सगळ्यात पसरलेला समज. 1884 च्या स्फोटके कायद्यात स्फोटकांची जी व्याख्या आहे तिच्यात फटाके, रॉकेट, वात, एवढंच नाही तर रंगीत उजेड देणारी मिश्रणंसुद्धा येतात. कलम 9-ब प्रमाणे विनापरवाना उत्पादनाला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि बाळगणं, वापरणं, विकणं किंवा वाहून नेणं यांना दोन वर्षांपर्यंत. विक्री हा त्यातला एक प्रकार झाला, अट नव्हे. दिवाळीला दुकानातून तयार फटाके आणून उडवणं वेगळं आणि घरी मिश्रण कालवणं वेगळं.

दुसरा समज जास्त धोक्याचा आहे: 'सुटी रसायनं ठेवली तर काय बिघडतं? मिश्रण केलं तरच गुन्हा.' इथे 1908 चा स्फोटक पदार्थ कायदा आडवा येतो. त्याच्या व्याख्येत स्फोटक बनवण्याचं साहित्यही स्फोटक पदार्थच धरलं आहे. संशयास्पद परिस्थितीत असं साहित्य सापडलं तर आपला हेतू कायदेशीर होता हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडलं त्याच्यावर येते, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. हा कायदा इतका कडक का, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर इंग्रज सरकारने तो 8 जून 1908 ला घाईघाईने मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला आणि ज्या लेखांसाठी टिळकांना मंडालेची सहा वर्षं भोगावी लागली त्यांत तो होता. लेखाचा मथळा काहीही म्हणो, कायदा मात्र शंभर वर्षांहून जास्त टिकला. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्रांतिकारक होते, गावच्या जत्रेतले आकाशबाण नव्हते. पण आज पेणच्या पोलीस ठाण्यातही लागू होतो तो हाच कायदा.

कृषी सेवा केंद्रातून खत म्हणून काही मिळवता येईल, असंही कुणी सुचवतं. खत नियंत्रण आदेश, 1985 च्या कलम 25 नुसार केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय खत शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी विकताही येत नाही, वापरताही येत नाही. म्हणजे दुकानदार उगाच खोचकपणे विचारत नाही, त्याचाही परवाना पणाला लागलेला असतो. अमोनियम नायट्रेटसाठी तर 2012 पासून स्वतंत्र नियमच आहेत.

शिवाय काही गोष्टी परवाना असला तरी चालत नाहीत. क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणावर 1992 पासून बंदी आहे. हिरव्या रंगासाठी वापरले जाणारे बेरियमचे क्षार सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंद केले आणि 2021 मध्ये त्याची पुन्हा कडक आठवण करून दिली. जुन्या पुस्तकातली किंवा परदेशातली कृती जशीच्या तशी उचलणाऱ्याला हे बहुधा माहीत नसतं. शिवकाशीच्या मोठ्या कारखान्यालाही जे करता येत नाही, ते तो अंगणात करायला निघालेला असतो.

आता उलट्या टोकाचा गैरसमज: 'सामान्य माणसाला परवाना मिळतच नाही.' स्फोटके नियम, 2008 प्रमाणे एका वेळी 15 किलोपर्यंत फटाके किंवा बंदुकीची दारू बनवण्याचा परवाना जिल्हाधिकारीच देऊ शकतात. रायगडकरांना त्यासाठी अलिबागच गाठावं लागतं. त्यापुढच्या प्रमाणासाठी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे 'पेसो'. तिचं पश्चिम विभागाचं कार्यालय बेलापूरला आणि मुख्यालय नागपूरला आहे. आणि सामान्य माणसं हे काम करतातही: धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा गाव तर फटाके बनवण्यासाठीच ओळखलं जातं. खरी मेख वेगळीच आहे. परवाना माणसाच्या नावाने निघतो, पण बांधलेला असतो जागेला. शेड कुठे, वस्ती आणि रस्ता तिच्यापासून किती लांब, हे सगळं नकाशावर दाखवावं लागतं आणि प्रत्यक्ष तपासलंही जातं. भिंतीला भिंत लागलेल्या गावठाणातल्या घरात ते कधीच बसत नाही.

यात एक अन्याय आहे असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये प्रयोग किंवा प्रात्यक्षिकासाठी 100 ग्रॅमपर्यंतच्या मिश्रणाला परवान्यातून सूट आहे. आपल्याकडे चिमूटभर मिश्रण आणि पंधरा किलो यांच्यासाठी दार एकच. पण सूट द्या म्हणताना 2023 चं साल समोर येतं. 1 जानेवारीला बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला. 8 डिसेंबरला पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात आग लागली आणि अनेक महिला कामगारांचा बळी गेला. तिथे बनत होत्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या. वस्तू किरकोळ दिसते, म्हणून तिच्यातली दारू किरकोळ होत नाही.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. 'पिशवीत घालून लोकलने आणू' म्हणणाऱ्याने रेल्वे कायद्याचं कलम 164 वाचावं. धोकादायक माल बेकायदा गाडीत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ऑनलाइन फटाके विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या 23 ऑक्टोबर 2018 च्या आदेशाने थांबवली आहे, त्यामुळे 'घरपोच' म्हणणारी जाहिरात दिसली की ती फसवणूक किंवा गुन्हा समजावी.

आणि 'ग्रीन फटाक्याला नियम नाहीत' हेही खोटं. नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केलेल्या या फटाक्यांतून धूलिकण साधारण तीस टक्के कमी निघतात इतकंच. स्फोटक म्हणून त्यांना वेगळी वागणूक नाही.

ज्याचे हात शिवशिवत असतील त्याने परवानाधारक कारागिराकडे काम शिकावं, त्यालाही अठरा वर्षं पूर्ण हवीत. स्वतःच अर्ज करायचा असेल, तर रसायनांची यादी घरीच ठेवा. अलिबागला जाताना आधी हातात हवा तो जागेचा नकाशा.