आधी मांजरपाट, मग खण

जत्रेतल्या नाटकात आता गावच्या बायाही काम करतात. कुणी जिजाऊ होते, कुणी लावणी नाचते. नऊवारी लुगडं घरात सापडतं. खणाची चोळी मात्र मापाचीच लागते.

खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड हे गाव आहे. तिथल्या हातमागाचे खण आपल्याकडे फार दिवसांपासून येतात. खण बेताचाच असतो. कात्री चुकली, की दुसरा तुकडा घ्यायला कापड उरत नाही. कुणाचा खण माहेरच्या ओटीत आलेला असतो. तसा पुन्हा विकत मिळायचा नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, खण पेटीतच राहू द्या. आधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवून अंगाला लावून बघा. मांजरपाट भिजवून वाळवून घ्या, कारण कोरे कापड आटते. जुन्या लुगड्याचा तुकडा फुकट मिळतो खरा, पण तो मऊ पडलेला असतो. अंगावर ताणतो. त्यावरून माप धरले, तर खणाची चोळी घट्ट होते.

माप दुसरीला घ्यायला सांगा. स्वतःच घेतले, तर हात उचलावा लागतो आणि टेप सरकतो. छाती, छातीखालचा घेर, पाठीची रुंदी, खांद्यापासून खालपर्यंतची उंची, दंड. सगळे वहीत लिहा. बेतताना दोन्ही कुशींना एक इंच जादा ठेवा, बाकी शिवणींना अर्धा इंच पुरे. तुकड्यांवर पेन्सिलीने लिहा: पाठ, उजवा पुढा, डावा पुढा. मग धावदोऱ्याने मोठे मोठे टाके घाला. ते उसवायचेच आहेत.

कच्ची चोळी उलटी घाला. शिवणी वर येतात, टाचण्या लावायला सोपे जाते. पण उलटी घातली की उजवा भाग डावीकडे जातो. जिचा एक खांदा खाली आहे, तिने सुलटीच घालावी. पुढची गाठ खरीच मारून बघा. गाठीत किती कापड जाते, ते नुसत्या अंदाजाने कळत नाही.

आता चुण्या बघा. छातीवर आडव्या ताणलेल्या चुण्या दिसल्या, तर तिथे चोळी घट्ट आहे. कापड सैल लोंबत असेल, तर जादा आहे. तिथे टाचणी लावा. तिरकी चूण जिथून निघते, तिथेच बहुधा खोड असते.

मग दोन्ही हात वर करा. नाचणारीला हे करावेच लागते. हातांबरोबर सगळी चोळी वर सरकते का? सरकली, की बाया म्हणतात, "मुंढा लहान झाला गं, जरा खोल काप." असं मुळीच करू नका! आधी बाही दंडाला घट्ट नाही ना, ते बघा. ती ठीक असेल, तर मुंढा बहुतेक आधीच खोल आहे. खोल मुंढ्यात बाही बगलेच्या खाली जोडली जाते. हात उचलला, की ती चोळीला ओढून नेते. मुंढा बगलेजवळ असला, तर हात मोकळा वर जातो. म्हणून बगलेत चिंधी जोडून मुंढा अर्धा इंच वर घ्या. बाहीलाही बगलेकडे तेवढीच चिंधी लावा. पुन्हा हात वर करून बघा. काचू लागले, तर थोडे खाली या. हे दोनतीनदा करावे लागते. कंटाळा करू नका. मांजरपाट स्वस्त आहे.

शेवटी खाली बसा, वाका, आणि आपले गाणे मोठ्याने म्हणा. दम भरताना छातीखाली आवळले, तर कुशीची शिवण थोडी सोडा.

सगळे जमले, की टाचण्यांच्या रेषेवर पेन्सिल फिरवा. टाके उसवा, तुकडे सपाट करा. हेच तुकडे खणावर मांडायचे. बाहीचे टोक काठावर येईल असे आधी मांडून बघा, आणि मगच खणाला कात्री लावा. तुकडे टाकू नका. सुतळीने बांधून वर नाव आणि तारीख लिहा. पुढच्या जत्रेला काढाल, तेव्हा छाती आणि दंड तेवढे पुन्हा मोजा.