टाकळ्याची भाजी

टाकळ्याची भाजी ही पावसाळ्याच्या आरंभी कोकण, गोवा व महाराष्ट्राच्या इतर भागांत घरोघरी केली जाणारी परतून केलेली पालेभाजी होय. टाकळा (शास्त्रीय नाव: सेना टोरा, जुने नाव: कॅसिया टोरा) या आपोआप उगवणाऱ्या वनस्पतीच्या कोवळ्या पानांपासून ती बनते. विदर्भात या वनस्पतीस तरोटा, गोव्यात तायकिळो, तर संस्कृतात चक्रमर्द म्हणतात. निवडलेला पाला हाताशी असल्यास भाजी पंधरा-वीस मिनिटांत तयार होते.

वनस्पतीची ओळख

टाकळा हे शिंबावंत कुलातील वर्षायू झुडूप आहे. पहिल्या पावसानंतर ते पडीक जमिनीवर, बांधावर व रस्त्याच्या कडेला दाटीने उगवते. पान संयुक्त असून त्यात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती व टोकाकडे रुंद, गोलसर असते. रात्री पर्णिका मिटतात. पुढे पिवळी फुले व बारीक, लांब, किंचित वाकड्या शेंगा येतात. फुले येईपर्यंत पाने जून व कडवट झालेली असतात. म्हणून भाजीसाठी वीतभर उंचीच्या रोपांचे शेंडेच खुडतात.

साहित्य

• टाकळ्याची बारीक चिरलेली कोवळी पाने – ४ वाट्या
• उकडून सोललेल्या फणसाच्या आठळ्या – ८ ते १०
• कांदा – १
• लसणाच्या पाकळ्या – ५ ते ६
• हिरव्या मिरच्या – २ ते ३
• ओले खोबरे – अर्धी वाटी
• तेल – २ चमचे
• मीठ व किंचित गूळ – चवीप्रमाणे

कृती

पाने देठांपासून वेगळी करून तीन-चार पाण्यांतून धुतात, कारण पावसाच्या माऱ्याने त्यांवर माती उडालेली असते. धुणे चिरण्याच्या आधी करावे. चिरल्यावर धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. तेलात ठेचलेला लसूण व मिरच्यांचे तुकडे परतून त्यावर कांदा मऊ होईपर्यंत परततात. मग पाला घालून तो मोठ्या आचेवर हलवतात. पाला खाली बसल्यावरच मीठ घालावे. आधी घातल्यास भांडेभर दिसणाऱ्या पाल्याच्या अंदाजाने मीठ जास्त पडते. त्यानंतर आठळ्यांचे तुकडे घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटे शिजवतात. झाकण सतत ठेवल्यास पाल्यातील आम्ले वाफेबरोबर बाहेर पडत नाहीत व हिरवा रंग काळपट होतो. म्हणून पाला घातल्यानंतरची पहिली काही मिनिटे भांडे उघडे ठेवतात. शेवटी खोबरे व गूळ घालून भाजी उतरवतात.

पाला थोडा जून असल्यास तो आधी उकळून, पाणी टाकून व पिळून घेतात. त्यामुळे कडवटपणा कमी होतो, मात्र काही पोषक द्रव्येही जातात.

प्रकार

आठळ्यांऐवजी भिजवलेली हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ घालण्याची पद्धतही प्रचलित आहे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या घरांत मोहरी-हिंगाची फोडणी देतात. ही भाजी तांदळाच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर, तसेच वरण-भाताबरोबर तोंडी लावणे म्हणून खातात.

घ्यावयाची काळजी

टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा (सेना ऑक्सिडेंटॅलिस) त्याच ठिकाणी उगवतो. त्याला काही भागांत रानटाकळा असेही म्हणतात, त्यामुळे नावावरूनही गफलत होऊ शकते. कासविंद्याच्या पानात पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात व पर्णिकांची टोके अणकुचीदार असतात. शेंगा चपट्या व आखूड असतात. पश्चिम उत्तर प्रदेशातील लहान मुलांमध्ये आढळलेल्या यकृत, स्नायू व मेंदूच्या एका जीवघेण्या विकाराचा संबंध संशोधकांनी कासविंद्याच्या बिया खाण्याशी जोडला आहे. त्यामुळे केवळ नावावर किंवा वरवरच्या साम्यावर न जाता पर्णिकांच्या जोड्या मोजून व टोक पाहून खात्री करावी. शंका असल्यास पाला टाकून द्यावा.

शेताच्या बांधांवर तणनाशक फवारण्याची पद्धत वाढली आहे. फवारलेला पाला काही काळ ताजा दिसू शकतो व धुतल्याने तो निर्धोक होतोच असे नाही. म्हणून जागा माहितीची असेल तरच खुडावे. वर्दळीच्या रस्त्यांकडेचा व सांडपाण्याजवळचा पालाही टाळावा. रानभाज्यांची ओळख पूर्वी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून प्रत्यक्ष खुडताना होत असे. आता बाजारातून जुडी घेणाऱ्यांनीही वरील खुणा पाहून घेणे हितावह आहे.